कोल्हापूरला यायचंय? आधी वार ठरवा, मग हॉटेल

पुण्या-मुंबईहून कोल्हापूरला येणाऱ्या पाहुण्यांची सहल बहुतेकदा वार चुकल्यानं बिघडते. म्हणून खोली बघायच्या आधी कॅलेंडर काढा. मंगळवार आणि शुक्रवार अंबाबाईचे, त्या दिवशी दर्शनाची रांग लांबते. रविवार जोतिबाचा. गुरुवारी आणि पौर्णिमेला नृसिंहवाडीला दत्तभक्तांची रीघ. सोमवारी टाउन हॉलचं संग्रहालय बंद. आणि मटणाचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार. त्या दिवशी खानावळीत माल हमखास ताजा असतो, पण दुपारी दीडला गेलात तर तासभर दारात उभं राहायची तयारी ठेवा. हे सगळं एका कागदावर लिहून काढलं की निम्मं नियोजन तिथंच होतं.

सुट्टी शनिवार-रविवारचीच असेल तर पन्हाळा-जोतिबा शनिवारी उरका आणि शहर रविवारी बघा. बरेच जण उलटं करतात, मग रविवारी जोतिबाच्या वाटेवर गाड्यांच्या रांगेत अडकतात आणि परतीची वेळ गाठताना दमछाक होते. तिसरा दिवस काढता आला तर खिद्रापूर आणि वाडी (नृसिंहवाडी) त्या दिवशी ठेवा. दोन दिवसांत तिन्ही दिशा कोंबू नका. पन्हाळा वायव्येला, खिद्रापूर पूर्वेला साठेक किलोमीटर, राधानगरी-दाजीपूर नैर्ऋत्येला. या तिन्ही वाटा शहरातूनच फुटतात, त्यामुळे एकीवरून दुसरीकडे जाताना दर वेळी शहराची कोंडी पार करावी लागते.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. हवा बरी असते, गुऱ्हाळं पेटलेली असतात आणि पन्हाळ्यावरून लांबवर स्वच्छ दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी बातम्यांत एकच आकडा बघा: राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. 39 फूट म्हणजे इशारा पातळी, 43 फूट म्हणजे धोका. पाणी इशाऱ्याच्या वर चढत असेल तर सहल पुढं ढकला. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं आणि शहराचा संपर्क तुटला होता. पाऊस थांबला तरी धरणांचं पाणी उतरायला वेळ लागतो, त्यामुळे ‘आज ऊन पडलंय’ यावर विसंबू नका. दाजीपूरचं अभयारण्यही पावसाळ्यात बंद असतं, गवे बघायचे बेत त्या दिवसांत आखूच नका.

अंबाबाईच्या किरणोत्सवासाठी यायचं असेल तर तारखा पाठ करा: 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, 9, 10 आणि 11 नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, असा परंपरागत क्रम. पश्चिमेला ढग किंवा धुरकट हवा असली तर किरणं वाटेतच विरतात. म्हणून एकाच संध्याकाळवर भिस्त न ठेवता तीनपैकी किमान दोन दिवस हाताशी ठेवा. या दिवसांत आणि नवरात्रात खोली महिनाभर आधी धरलेली बरी.

खोली कुठं घ्यायची हे गाडीवर ठरतं. रेल्वेनं किंवा एसटीनं येणार असाल तर महाद्वार रोड, ताराबाई रोडच्या आसपास राहा. देऊळ, भवानी मंडप, गुजरी (सराफ बाजार), चप्पल लाईन, खासबाग मैदान सगळं चालत होतं. स्वतःची गाडी असेल तर तिथं राहायचा मोह टाळा, कारण बोळ अरुंद आणि गाडी लावायला जागा नाही. मग स्टेशन रोड किंवा ताराबाई पार्क बघा आणि देवळाकडं रिक्षानं या. गाडी आणायचीच तर बिंदू चौकातल्या पार्किंगला लावून चालत जा. पुण्याहून रस्ता सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण महामार्गाच्या रुंदीकरणामुळे सातारा ते कागल पट्ट्यात वळसे लागतात. पाच तासांच्या खाली हिशोब धरू नका. मुंबईकरांना महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. रात्री बसलं की सकाळी कोल्हापूर, आणि दिवस पूर्ण हातात.

अंबाबाईला पहाटेच जा. सहाच्या आत रांगेत असलात तर गाभाऱ्यासमोरचं दर्शन निवांत होतं; नऊनंतर बाहेरगावच्या बस लागतात आणि रांग वळणं घेऊ लागते. वेळ कमी असेल तर मुखदर्शनाची वेगळी रांग असते, ती पटकन सरकते. अंगभर कपडे घाला. चामड्याचा पट्टा आणि पाकीट खोलीवर ठेवून फक्त सुटे पैसे खिशात घ्या. दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. देवळाला बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला आणि भिंतीवरचं काळ्या दगडातलं कोरीवकाम जवळून बघा. कोवळ्या उन्हात ते नीट उठून दिसतं.

देवळातून थेट मिसळीला जायचं, आणि इथं घाई करावी लागते, कारण नावाजलेल्या ठिकाणी दुपार झाली की कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, संपतो. उद्यमनगरातली फडतरेंची मिसळ, कसबा बावड्याची बावडा मिसळ, खासबागेजवळची मिसळ, प्रत्येकाचा कट निराळा आणि प्रत्येक कोल्हापूरकराचं आपल्या मिसळीवर ठाम मत. प्लेटमध्ये मटकीची उसळ, वर शेव-फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि सोबत पावाऐवजी स्लाईस ब्रेड. स्लाईस कट शोषून घेतो, तोच त्याचा उपयोग. कट वेगळ्या भांड्यात मागा आणि थोडा-थोडा ओतत खा. सगळा एकदम ओतला तर फरसाणाचा लगदा होतो आणि तिखट पोटात एकदम जातं. सवय नसेल तर ‘कट मिडियम द्या’ म्हणायला लाजू नका, सोबत दही घ्या. मुलांसाठी दावणगिरी लोणी डोसा शहरात जागोजागी मिळतो.

एका दिवसात मिसळ आणि मटणाचं ताट दोन्ही घेऊ नका, हे कळकळीनं सांगणं. दोन्हीत कांदा-लसूण चटणी, दोन्हीत तेल. सकाळी मिसळ खाल्ली तर दुपारी हलकं, रात्री मटण नको. मटण दुपारी खायचं तर सकाळी पोहे किंवा डोसा. बाहेरचे पाहुणे आजारी पडतात ते बहुधा हा नियम मोडल्यावर.

आता ताटाविषयी. मटणाच्या ताटात सुक्कं, तांबडा, पांढरा, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू इतकं असतं. कुठं खिमा, कुठं अंडं. रस्से बहुतेक ठिकाणी हवे तेवढे वाढतात, म्हणूनच एक ताट दोघांत चालत नाही. दारातच विचारून घ्या. सुरुवात पांढऱ्यानं करा. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध आणि तीळ-खसखशीचं वाटण घालून तो करतात. चांगला पांढरा एकजीव असतो आणि प्याल्यावर मिऱ्याची ऊब घशाशी येते. वाटीत वर कण तरंगताना आणि खाली पाणी वेगळं दिसलं तर तो फुटलाय: नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळलाय किंवा शिळा परत तापवलाय. तो बदलून मागायला हरकत नाही. तांबड्याचं उलट, त्याला मुरायला वेळ लागतो. नुसतं लाल तेल आणि जळजळीत तिखट म्हणजे कोल्हापुरी नव्हे. भाजलेल्या खोबऱ्याचा आणि चटणीचा वास आधी यायला हवा, तिखट मागून. साडेबाराच्या आत बसलात तर ताटही गरम मिळतं आणि वाढपीही घाईत नसतो. रक्ती-मुंडी (बकऱ्याचं रक्त आणि डोकं) खायची असेल तर आधी चौकशी करा, सगळीकडं नसते. श्रावणात आणि नवरात्रात मटणाचा बेत ठेवू नका. शाकाहारी मंडळींनी अख्खा मसूर आणि भाकरी मागावी.

रविवारची दुपार संग्रहालयांना द्या. सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाउन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेकाठी आला यावरून इथल्या प्राचीन व्यापाराची कल्पना येते, आणि बहुतेक पाहुणे ती न बघताच जातात. तिथून भाऊसिंगजी रस्त्यानं न्यू पॅलेस. मेजर मँट यांनी आराखडा केलेली ही इमारत 1884 ची. तिथं दोन तास धरा. संध्याकाळी रंकाळा तलाव आणि भेळ.

गंगावेशीतला दूध कट्टा चुकवू नका. म्हशी दारात बांधलेल्या, दूध डोळ्यांसमोर काढून फेसासकट पेल्यात. धारोष्ण दूध सोसत नसेल तर मुलांना एकदम ग्लासभर देऊ नका, घोटभर पाजून बघा. जवळच तालमी आहेत. आत डोकवायचं असेल तर वस्तादांना विचारा आणि मातीवर चप्पल घालून पाय ठेवू नका. खासबाग मैदान कुस्ती नसतानाही बघण्यासारखं आहे: आखाड्याभोवती उतरती बैठक असल्यानं लांबूनही लढत पूर्ण दिसते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळातलं हे काम.

पन्हाळ्याला सकाळी आठपर्यंत पोहोचा. गडावर वस्ती आहे, गाडी वर जाते, प्रवेशकर भरावा लागतो. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी आणि पुसाटी बुरूज एवढं नीट बघायला चार तास लागतात, कारण ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत. अंधारबावीच्या पायऱ्यांसाठी बॅटरी घ्या. 1660 च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज याच गडावरून विशाळगडाकडं निघाले. वाटाड्या घेतलात तर ती दिशा दाखवायला सांगा. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या किल्ल्यांत पन्हाळाही आहे. दुपारी गडावर झुणका-भाकर, खर्डा आणि दही. उतरताना जोतिबा. पांढरे कपडे घालू नका, गुलाल सहजासहजी निघत नाही. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत फक्त यात्रेसाठीच जा, पर्यटन त्यात बसत नाही.

खिद्रापूरला कोपेश्वराचा स्वर्गमंडप बघायचा तर सकाळी लवकर निघा. 48 खांबांचा गोल मंडप, मधोमध आकाशाला उघडं वर्तुळ, खाली तेवढीच गोल शिळा. गावात जेवणाची फारशी सोय नाही, म्हणून वाडीला प्रसाद किंवा जेवण उरकून पुढं जा. बासुंदी आणि कवठाची बर्फी वाडीहूनच घ्या. पुरात वाडीच्या देवळात पाणी शिरतं, तेव्हा हा दिवस रद्द समजा.

चप्पल संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरं कळतं. तळ वाकवून बघा. खऱ्या चामड्याला वाकवल्यावर सुरकुती पडते आणि वास येतो; रेक्झिनला नाही. नवी चप्पल पहिल्या आठवड्यात थोडी-थोडी घाला आणि पट्ट्यांना आतून खोबरेल लावा, नाहीतर अंगठ्याशी चावते. पावसात ती वापरायची नाही, भिजलीच तर सावलीत वाळवा.

गूळ शेवटच्या दिवशी घ्या. अगदी पिवळाधमक, पांढुरका बहुधा रंग उजळायची पावडर घातलेला असतो. तपकिरी, किंचित मऊ बरा. ढेप कागदात गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधा, दमट हवेत पाणी सुटतं. काकवीच्या बाटलीचं झाकण चिकटपट्टीनं बंद करा आणि ती कपड्यांच्या पिशवीत ठेवू नका. कांदा-लसूण चटणी डब्यात भरूनच न्या. पिशवीतून तेल झिरपतं आणि वास आठवडाभर जात नाही.