१ मेच्या ग्रामसभेआधी पाणी समितीची तयारी

ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की आवाज चढतात आणि समितीची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तसं व्हायला नको असेल तर आधी नळ बघा, मग कागद.

सभेच्या आठवडाभर आधी, पाणी सुटायच्या वेळेला, गावातल्या शेवटच्या नळावर जाऊन उभं राहा. १५ लिटरची बादली भरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून वहीत लिहा. तीच बादली टाकीजवळच्या घरी भरा. मधे कुणी नळाला थेट मोटार लावली असेल तर तिथेच कळतं. पाणी तुटतं आणि नळ नुसती हवा ओढत राहतो. मग हिशेब मांडा. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. गाव १८०० वस्तीचं असेल तर ९९,००० लिटर, म्हणजे ५० हजारांची टाकी दिवसातून दोनदा भरायला हवी. लाइटीमुळे एकदाच भरत असेल तर सभेत तसं सरळ सांगा.

जलसुरक्षकाला, म्हणजे गावात पाण्याची शुद्धता बघणाऱ्या माणसाला, सोबत घेऊन त्याच शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात औषधाचे थेंब टाकून क्लोरीन आहे का ते बघा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचतंय. नाही झालं तर टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) गोणी उघडी, ओलीत पडलीय का ते आधी बघा.

आता कागद. पाणीपट्टीची मागणी, वसुली, थकबाकी. समोर वीजबिल, मोटारीचं रिवायंडिंग, पाणी सोडणाऱ्याचं मानधन. एकाच पानावर, ठळक अक्षरात. थकबाकीदारांची यादी वाचणार असाल तर आदल्या दिवशी समितीच्या सदस्यांनी आपापली पट्टी भरून पावती खिशात ठेवावी. पहिला प्रश्न तोच येतो, आणि यायलाच हवा.

समितीत निम्म्या बाया असतात, पण पुष्कळदा त्यांची सही घरी जाऊन घेतलेली असते. आधी होणाऱ्या महिला ग्रामसभेत हे आकडे त्यांनाच मांडू द्या. बादलीचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो.

नोटीस सात दिवस आधी लागते. कोरमला, म्हणजे सभा भरवता यायला, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा पुरतो. सभेची वेळ मात्र ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) पाण्याची वेळ सोडून ठेवायला सांगा. सभा चालू असताना नळ आले तर अर्धी सभा हंडे भरायला उठून जाते.