जुन्या जीपच्या दोन टाक्या: डिझेल येतं कुठून आणि परत जातं कुठं

परतवाड्याहून सेमाडोह-हरिसाल करत धारणीला जायचं असो, की आलापल्लीहून भामरागडला, जुन्या फोर-व्हील जीपला दुसरी टाकी असली की जिवाला घोर राहत नाही. वाटेत पंप मोजकेच. पावसाळ्यात नाला चढला तर गाडी त्याच काठावर तासन्‌तास उभी. पण जुनी गाडी विकणारा सीटखालची पितळी तोटी किंवा डॅशबोर्डवरचा स्विच दाखवतो, ‘इकडे पहिली, तिकडे दुसरी’ एवढं सांगतो आणि मोकळा होतो. परतीच्या नळीचं नावही काढत नाही. घोटाळा नेमका तिथं असतो.

डिझेल इंजिनाचा फीड पंप जळण्यापेक्षा जास्त डिझेल ओढतो. उरलेलं डिझेल रिटर्न पाइपातून टाकीत परत जातं. टाक्या दोन असतील तर ते कोणत्या टाकीत जातं, हे आधी शोधायचं. तोवर टाक्या काठोकाठ भरू नका.

गाडीत कोणती जोडणी आहे ते ओळखा

गाडीखाली शिरा आणि टाकीपासून इंजिनापर्यंत नळ्यांचा माग काढा. साधारण तीन प्रकार सापडतील.

दोन्ही टाक्या बुडाशी एका नळीने जोडलेल्या असतील, तर ती खरं तर एकच टाकी समजा. त्यात निवडायला काही नसतं. फक्त उतारावर आडवी गाडी उभी केली तर वरच्या टाकीतलं डिझेल खालच्या टाकीत उतरतं आणि तिच्या झाकणातून गळतं. जोडनळीत मधे कॉक असेल तर मुक्कामाला तो बंद करा.

तीन तोंडांची हाततोटी असेल तर ती फक्त येणारं डिझेल बदलते, परतीचं कायम एकाच टाकीत जातं. गावच्या गॅरेजात बसवलेल्या टाक्यांना बहुधा हीच दिसते.

सहा तोंडांचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर येणारं आणि जाणारं दोन्ही एकदम बदलतं. हा सगळ्यात चांगला, पण तो अर्धवट अडकला की पहिल्या दोघांपेक्षा जास्त फसवतो.

परतीची परीक्षा

इंजिन बंद असताना दोन्ही टाक्यांच्या तोंडाशी रिटर्नची रबरी नळी सोडा. प्रत्येक नळीखाली एकेक स्वच्छ डबा धरायला माणूस ठेवा आणि इंजिन आयडलवर सुरू करा. स्विच पहिल्या टाकीवर असताना कोणत्या नळीतून धार येते ते बघा, मग दुसऱ्या टाकीवर करून पुन्हा बघा. धार स्विचबरोबर बदलली तर जोडणी बरोबर आहे. ती एकाच नळीतून येत राहिली तर हाततोटी आहे किंवा व्हॉल्व्ह अडकलाय. ही परीक्षा फक्त डिझेल गाडीवर आणि उघड्यावर करा. पेट्रोल गाडीवर करू नका.

परत येणारं डिझेल कायम पहिल्या टाकीत पडत असेल तर एक नियम पाळा: आधी पहिल्या टाकीतलं निदान १५ लिटर जाळा, मगच दुसरीवर या. दोन्ही टाक्या भरून थेट दुसरीवर निघालात तर पहिली झाकणातून ओतू लागते. मागचं चाक ओलं, गाडीत वास, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याखाली डिझेलने माखलेली सडक. शिवाय दुसरी टाकी ‘लवकर संपते’ म्हणून मिस्त्रीकडे धाव घेतली जाते. डिझेल कुठं गेलेलं नसतं, ते पहिल्या टाकीत जाऊन बसलेलं असतं.

विजेचा व्हॉल्व्ह अडकला असेल तर आधी फ्यूज बघा, मग स्विच बदलताना व्हॉल्व्हच्या वायरींवर टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागतो पण मोटरचा घर्र आवाज येत नाही, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत गाळ आहे किंवा मोटर गेली. काही व्हॉल्व्हना दुसऱ्या बाजूला फिरायला धन-ऋण उलट व्हावं लागतं, त्यासाठी सहा टोकांचा स्विच लागतो. तिथं साधा स्विच बसवला तर व्हॉल्व्ह एकदा फिरतो आणि तिथंच राहतो. लष्करी लिलावातली गाडी असेल तर बॅटरी १२ व्होल्टची आहे की २४ ची, हे पाहूनच भाग घ्या.

काटा नको, काठी घ्या

एका काट्यावर दोन टाक्या दाखवायच्या तर दोन्ही फ्लोटचा (टाकीतली पातळी काट्याला कळवणाऱ्या तरंगत्या भागाचा) विजेचा रोध सारखा लागतो. पहिलीचा मूळचा आणि दुसरीचा भंगारातला असेल तर काटा दुसऱ्या टाकीला खोटं बोलणारच. मल्टिमीटरने दोन्ही फ्लोट रिकामे आणि भरलेले असताना मोजा. आकडे जवळपास नसतील तर एक फ्लोट बदला.

तरी काठी बनवून ठेवाच. टाकी रिकामी करा. पेट्रोल पंपावर ग्राहकाला तपासायला ५ लिटरचं शिक्क्याचं माप ठेवलेलं असतं, तसं पक्कं माप वापरून ५-५ लिटर ओता आणि दर वेळी बांबूच्या कोरड्या, सरळ कामटीवर चाकूने खाच पाडा. गाडी सपाट जागी हवी. दोन टाक्यांना दोन काठ्या. दुसऱ्या टाकीचं तोंड वाकडं असेल तर काठी आत जात नाही, अशा वेळी फ्लोटची प्लेट उघडून वरून मोजा. वापरात न येणाऱ्या बुडाच्या २-३ लिटरचीही खाच करा, त्या डिझेलवर भरवसा ठेवायचा नसतो.

श्वासनळी

प्रत्येक टाकीला स्वतंत्र ब्रीदर, म्हणजे आत हवा घेणारी बारीक नळी, लागतो. काळ्या मातीच्या पांधणीतून पावसाळ्यात गाडी नेली की चिखल उडून ब्रीदरच्या तोंडात बसतो आणि वाळून दगड होतो. उन्हाळ्यात उभ्या गाडीत कुंभारमाशी तिथंच घर करते. मग टाकीत हवा शिरत नाही, आत ओढ तयार होते आणि वीस-तीस किलोमीटरवर इंजिन दम टाकतं. अशा वेळी झाकण सैल करून कान द्या. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी पुन्हा नीट चालली, तर फिल्टर आणि पंप सोडा, ब्रीदर साफ करा. बारीक तार फिरवा आणि टाकीकडची बाजू सोडून मगच फुंका, नाहीतर माती टाकीत जाईल. ब्रीदरची नळी बॉडीत जितकी वर नेता येईल तितकी न्या आणि तिचं तोंड खाली वळवा.

झाकण हरवलं म्हणून टाकीच्या तोंडात कापसाचा बोळा किंवा चिंधी कोंबू नका. कापसाच्या मुलखात ही सवय फार. तंतू सुटून जाळीत अडकतात, आणि मग दोष मात्र पंपावर येतो.

टाकी कधी बदलायची

पाव टाकी उरली की बदला, आणि तेही सपाट रस्त्यावर, इंजिन चालू असताना. घाट चढताना डिझेल मागे सरकतं, ओढनळीचं तोंड उघडं पडलं की ती हवा घेते. म्हणून चिखलदऱ्याचा चढ लागण्याआधी जास्त भरलेल्या टाकीवर या.

स्विच बदलल्यावर लगेच काही कळत नाही, कारण नळ्यांत आणि फिल्टरमध्ये आधीचंच डिझेल असतं. दुसऱ्या टाकीची खोड एक-दोन किलोमीटरनंतर कळते. इंजिन अडखळलं की लगेच आधीच्या टाकीवर या आणि बंद पडू देऊ नका. त्यामुळे लांब जायच्या आदल्या दिवशी गावातच दुसऱ्या टाकीवर गाडी १५ मिनिटं पळवून बघा. जंगलात बघायची ही गोष्ट नाही.

हवा घेतलीच तर

आधी भरलेल्या टाकीवर या. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) दोन आटे सैल करा आणि फीड पंपावरचा हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ढकलायचा दट्ट्या, दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग धार लागली की प्रायमर दाबत असतानाच स्क्रू आवळा. हेच इंजेक्शन पंपाच्या ब्लीड स्क्रूवर करा. गावात त्याला अजून ‘मायको पंप’च म्हणतात, कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी. एवढं करूनही गाडी घेत नसेल तर इंजेक्टरचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा. साधारण १७ चा पाना लागतो. नटाशी डिझेल पाझरू लागलं की एकेक आवळा. हात आणि डोळे फवाऱ्यापासून लांब ठेवा, त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं. सेल्फ १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे मिनिटभर थांबा.

हवा वारंवार येत असेल तर ओढीच्या बाजूला कुठं तरी फट आहे. तिथं डिझेल गळत नाही, हवा आत जाते, म्हणून कोरडी जागा पाहून फसू नका. फिल्टरच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवा आणि एकेक टाकीवर इंजिन चालवून बुडबुडे बघा. फक्त दुसऱ्या टाकीवर बुडबुडे आले तर दोष त्या टाकीपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या नळीत, क्लिपमध्ये किंवा ओढनळीत आहे. दोन्हीवर आले तर व्हॉल्व्हच्या पुढे शोधा. काम झालं की ती नळी काढा, डिझेलने ती कडक होऊन तडकते.

पडून राहिलेली टाकी

दुसरी टाकी ‘अडीअडचणीला’ म्हणून वर्षभर तशीच ठेवणं ही सगळ्यात वाईट सवय. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात आतून घाम धरते, पाणी बुडाला बसतं, गंज धरतो, डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर काळपट चिकट गाळ वाढतो. महिन्यातून एकदा तरी त्या टाकीवर गाडी चालवा. पावसाळ्याआधी आणि नंतर बुडाचा ड्रेन प्लग सैल करून अर्धा लिटर काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर ठेवा. पाणी खाली वेगळं दिसतं. प्रत्येक टाकीला व्हॉल्व्हच्या अलीकडे स्वतःचा पाणी-गाळ पकडणारा फिल्टर बसवा, म्हणजे एकीची घाण दुसरीच्या वाटेत येत नाही.

जिप्सीसारखी पेट्रोल गाडी असेल तर आणखी सांभाळा. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. नळ्या बदला आणि पेट्रोल महिना-दोन महिन्यांपेक्षा जास्त पडू देऊ नका. मे महिन्यात काठोकाठ भरून गाडी उन्हात लावू नका. जमिनीखालच्या टाकीतलं थंड पेट्रोल तापलं की फुगतं. ५० लिटरला २० अंशांची वाढ मिळाली तर लिटरभर वर येतं.

टाकीला भोक पडलं तर झाळण्याआधी ती धुऊन वाफेने पूर्ण स्वच्छ करावी लागते. डिझेलची रिकामी टाकीसुद्धा स्फोट होऊन फुटते. ज्याच्याकडे ती सोय आहे त्याच्याकडेच द्या. नवी टाकी बसवायची असेल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही.