क्रियापदांच्या जोड्या पाठ करू नका, कर्म शोधा

बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं माझ्याकडे इंग्रजीसाठी येतात, तेव्हा बहुतेकांच्या वहीत एक यादी असते. राइज म्हणजे वाढणे, रेझ म्हणजे वाढणे. सी म्हणजे बघणे, लुक म्हणजे बघणे, वॉच म्हणजेही बघणे. अशा यादीतून हाती काही लागत नाही, कारण नेमका फरक तिच्यात लिहिलेलाच नसतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते, शाळेतलं मराठी व्याकरण आठवा. सकर्मक (कर्म घेणारं), अकर्मक (कर्म न घेणारं) आणि प्रयोजक (दुसऱ्याकडून क्रिया करवणारं) क्रियापद हे तीन धडे पक्के असले की निम्मं काम झालं.

वाढणे आणि वाढवणे यांत आपली कधीच गल्लत होत नाही. राइज आणि रेझ यांच्यात तोच फरक आहे. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ टक्क्यांवरून ४.४० टक्क्यांवर नेला. ही बातमी इंग्रजीत लिहिताना कर्ता बँक असेल तर 'रेझ्ड', आणि कर्ता दर असेल तर 'रोझ'. चुका शोधा प्रकारच्या प्रश्नात 'द रेट हॅज रेझ्ड' अशी वाक्यं हमखास येतात. तिथे मनात मराठी करून बघा: 'दराने वाढवलं'. काय वाढवलं? कर्मच नाही. म्हणजे तिथे 'हॅज रिझन' हवं, नाहीतर 'हॅज बीन रेझ्ड'.

हे साम्य मला फार आवडतं, कारण ते वरवरचं नाही. इंग्रजी ज्या जर्मॅनिक कुळातली आहे, त्या कुळात क्रियापदातला स्वर बदलून प्रयोजक रूप होत असे. सिट आणि सेट, लाय आणि ले, फॉल आणि फेल या जोड्या त्यातूनच उरल्या आहेत. झाड पडतं आणि आपण झाड पाडतो, तसंच झाडाचं 'फॉल' होतं आणि लाकूडतोड्या ते 'फेल' करतो. गंमत म्हणजे पडणे-पाडणे, मरणे-मारणे यांतही आपण स्वरच बदलतो.

यातली लाय-ले ही जोडी सगळ्यात त्रास देते, म्हणून तिच्यावर एक संध्याकाळ खर्च करा. आडवं होणे, पडून राहणे म्हणजे लाय. त्याचा भूतकाळ ले आणि तिसरं रूप लेन. ठेवणे, घालणे म्हणजे ले. त्याची रूपं लेड, लेड. कोंबडी अंडी घालते ते हेच ले, अंडी हे कर्म. म्हणजे 'ले' हा एकच शब्द एका क्रियापदाचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ आहे. 'ही ले ऑन द बेड' बरोबर आणि 'ही लेड द बुक ऑन द टेबल' हेही बरोबर. खोटं बोलण्याचं लाय वेगळंच, त्याची रूपं लाइड, लाइड.

सी आणि लुकचं उत्तरही मराठीत तयार आहे. दिसणे म्हणजे सी, मुद्दाम बघणे म्हणजे लुक, आणि काही घडत असताना बघत राहणे म्हणजे वॉच. म्हणून मॅच वॉच करतात. ऐकू येणे म्हणजे हिअर, कान देऊन ऐकणे म्हणजे लिसन. ब्रिंग आणि टेक म्हणजे आणणे आणि नेणे, तिथे फार थांबायला नको.

से आणि टेलमध्ये मात्र जपा. म्हणणे आणि सांगणे हा फरक उपयोगी पडतो, पण पूर्ण नाही. 'त्याने सांगितलं की उशीर होईल' हे मराठीत चालतं. इंग्रजीत टेलनंतर कोणाला सांगितलं ते यावंच लागतं, 'ही टोल्ड मी दॅट'. माणूस सांगायचा नसेल तर 'ही सेड दॅट'. गोष्ट सांगणे, खरं सांगणे अशा ठिकाणी टेल माणसाशिवायही चालतं.

आता जिथे मराठीच फसवते ती जागा. आपलं 'लावणे' बघा. दिवा लावतो, झाड लावतो, मलम लावतो, गाडी लावतो, दार लावतो, गजर लावतो, गाणी लावतो. इंग्रजीत प्रत्येकाला निराळं क्रियापद: लाइट, प्लांट, अप्लाय, पार्क, क्लोज, सेट, प्ले. 'बंद करणे'चंही तसंच, म्हणून मुलं 'क्लोज द फॅन' लिहितात. तिथे 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' हवं. 'नाकारणे'ही दोन वाटांनी जातं. आरोप नाकारला तर डिनाय, मदत नाकारली तर रिफ्यूज. उसने घेणे म्हणजे बॉरो आणि उसने देणे म्हणजे लेंड. बँकेच्या परीक्षेत ही जोडी चुकवून चालणार नाही, कारण कर्जाच्या उताऱ्यात तीच पुन्हा पुन्हा येते.

म्हणून वहीत नुसता अर्थ लिहू नका. कर्मासकट आख्खं वाक्य लिहा, कर्माखाली रेघ मारा, आणि कर्म नसेल तर तसं शेजारी लिहा. शब्दकोश घेताना शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी घ्या. त्यात क्रियापद सकर्मक की अकर्मक ते बहुधा दिलेलं असतं, आणि मुलं नेमकं तेच वाचायचं सोडतात.