नवे नियम आले की टीममधल्या प्रतिक्रिया कामाला कशा लावाव्यात

रोबोटिक्स स्पर्धेच्या नव्या सीझनचं मॅन्युअल, म्हणजे नियमपुस्तक, हाती पडलं की पहिल्या तासाभरात टीममध्ये ठरावीक आवाज ऐकू येतात. 'गेल्या वर्षीच्या रोबोटची लिफ्ट आता फुकट गेली.' 'एका वेळी तीनच तुकडे धरायचे? मग काय उपयोग?' (तुकडे म्हणजे मैदानावरून रोबोटनं उचलायच्या वस्तू.) 'यात एक पळवाट आहे, बाहेर कुणाला सांगू नका.' आणि काही मुलं काहीच बोलत नाहीत. हे सगळं पुढच्या डिझाइनसाठी मोलाचं आहे, पण प्रत्येक प्रतिक्रियेला नियमाचा क्रमांक जोडल्यानंतरच. मेंटर आणि कॅप्टन यांनी पहिले दोन आठवडे हे काम कसं चालवावं, ते इथे दिलं आहे.

पहिल्या दिवशी रोबोटचं नाव काढू नका

बहुतेक तक्रारी मॅन्युअलमधून येत नाहीत, खेळाची ओळख करून देणाऱ्या ॲनिमेशनमधून येतात. ॲनिमेशन म्हणजे नियम नव्हे. त्यात कोण कुणाला कुठे अडवू शकतं, पेनल्टी कधी लागते, हे दिसतच नाही. म्हणून व्हिडिओ एकदा बघून बंद करा आणि मॅन्युअलच्या छापील प्रती वाटा. दोघांत एक प्रत चालेल, पण वाचन प्रत्येकानं स्वतः करायचं.

सुरुवात शब्दसूचीपासून करा. फर्स्ट ही संस्था शालेय मुलांसाठी रोबोटिक्स स्पर्धा घेते. तिच्या एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन) आणि एफटीसी (फर्स्ट टेक चॅलेंज) या स्पर्धांच्या मॅन्युअलमध्ये इंग्रजी कॅपिटल अक्षरांत छापलेल्या शब्दांना ठरवून दिलेला अर्थ असतो. 'ताबा' किंवा 'स्पर्श' यांचा रोजच्या बोलण्यातला अर्थ धरून वाचलं की पुढचं सगळंच चुकीचं समजतं. निळ्या चौकटींतला मजकूर नियमामागचं कारण सांगतो, उदाहरणं देतो. मात्र चौकट आणि नियम यांत फरक पडला तर नियमच ग्राह्य. निम्मे वाद याच ठिकाणी मिटतात, कारण कुणीतरी चौकटीतलं एक उदाहरण नियम समजून बसलेलं असतं.

वाचताना तीन रंगांचे हायलायटर द्या: एक गेल्या सीझनपेक्षा बदललेल्या गोष्टींसाठी, एक पेनल्टीसाठी, एक न समजलेल्या वाक्यांसाठी. खेळाचे नियम दोनदा वाचा, रोबोट बनवण्याचे नियम एकदा. ते नंतर पुन्हा वाचावे लागतातच.

प्रतिक्रियांचा तक्ता

वाचून झाल्यावर लगेच चर्चा सुरू करू नका. आधी पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून आपापल्या चिठ्ठ्यांवर लिहायचं. हा टप्पा गाळू नका. नाहीतर सीनियर मुलं आधी बोलतात आणि नवी मुलं मान डोलावतात. नव्यांना जुन्या सीझनची सवय नसते, त्यामुळे नियमात प्रत्यक्ष काय लिहिलंय हे बरेचदा त्यांनाच आधी दिसतं.

मग फळ्यावर चार रकाने आखा: प्रतिक्रिया मुलाच्याच शब्दांत, नियमाचा क्रमांक, आपल्यासाठी नेमकं काय बदललं, आणि हे कसं तपासायचं. 'हा खेळ बोअर आहे' हेही लिहा, खोडू नका. पण त्याला क्रमांक मिळत नसेल तर ते फळ्याच्या कडेला राहील आणि डिझाइनच्या चर्चेत येणार नाही. मुलांना हा नियम आवडतो, कारण तो मेंटरलाही लागू असतो.

पळवाटवाल्यांना वेगळा प्रश्न विचारा: हीच युक्ती प्रतिस्पर्ध्यानं आपल्यावर वापरली तर रेफरीनं काय करावं असं तुम्हाला वाटेल? उत्तर डळमळीत आलं तर त्या कल्पनेवर अख्खा रोबोट उभारू नका. सीझनच्या मध्यात नियमांचं एखादं अपडेट आलं की तो रोबोट मोडीत निघतो.

राग आला असेल तर आकडे मांडा

एकदम किती तुकडे धरता येतील यावरच्या मर्यादेवर मुलं सर्वाधिक चिडतात. समजा गेल्या सीझनला पाच तुकडे चालत होते, आता तीन. एक तुकडा उचलायला २ सेकंद, जाण्यायेण्याला ८ आणि टाकायला ३ सेकंद लागतात असं धरा. एफटीसीमध्ये ३० सेकंदांच्या ऑटोनॉमसनंतर (त्यात रोबोट फक्त प्रोग्रॅमवर चालतो) ड्रायव्हरच्या हाती १२० सेकंद असतात. त्यातले शेवटचे २० वेगळ्या कामासाठी ठेवले तर उरतात १००.

पाच तुकड्यांची फेरी २१ सेकंदांची, म्हणजे चार फेऱ्या आणि २० तुकडे. तीन तुकड्यांची फेरी १७ सेकंदांची, म्हणजे पाच फेऱ्या आणि १५ तुकडे. नुकसान पाच तुकड्यांचं, आणि ते समोरच्या टीमचंही आहे. आता जाण्यायेण्याचा वेळ ८ वरून ६ वर आणा. फेरी १५ सेकंदांची झाली, सहा फेऱ्या झाल्या, तुकडे १८. तेच उचलण्याचा वेळ २ वरून दीड सेकंदावर आणला तर फेरी साडेपंधरा सेकंदांची, फेऱ्या तितक्याच सहा. पण दोन्ही साधलं तर फेरी साडेतेरावर येते आणि सात फेऱ्यांत २१ तुकडे होतात, म्हणजे जुन्या मर्यादेतल्यापेक्षा एक जास्तच. हे फळ्यावर मुलांनाच मांडू द्या. 'अन्याय आहे' हे वाक्य तिथे थांबतं आणि ड्राइव्हट्रेनचा (चाकं फिरवणाऱ्या यंत्रणेचा) गिअर रेशो काय ठेवायचा ही चर्चा सुरू होते.

मोटरच्या मर्यादेलाही हीच पद्धत. व्हेक्स व्ही५ या दुसऱ्या एका रोबोटिक्स स्पर्धेत २०२३-२४ पासून मर्यादा एकूण ८८ वॉटची आहे. ११ वॉटच्या आठ मोटर घ्या, नाहीतर ११ वॉटच्या सहा आणि साडेपाच वॉटच्या चार घ्या, बेरीज तीच. 'मोटर कमी पडतात' म्हणणाऱ्यानं आधी कुठल्या कामाला किती वॉट लागतात याचा तक्ता भरायचा.

मैदान चिकटपट्टीनं आखा आणि स्वतः खेळा

एफटीसीचं मैदान १२ फूट बाय १२ फूट असतं, २४ इंची ३६ टाइल्सचं. रिकाम्या खोलीत चिकटपट्टीनं ते आखा, पुठ्ठ्याची खोकी ठेवा आणि दोन विरुद्ध दोन असे मुलांनाच रोबोट करून खेळवा. एक मुलगा किंवा मुलगी मॅन्युअल हातात धरून रेफरी होईल, एक घड्याळ बघेल. माणसं रोबोटपेक्षा फार चपळ असतात, म्हणून पावलाला पाऊल लावून चालायचं, वळताना थांबायचं आणि एकच हात वापरायचा. ही बंधनं न घातल्यास फेऱ्यांचे आकडे खोटे येतात आणि टीम नको तेवढी आशा धरते.

सहा मॅच झाल्या की रेफरीला विचारा, कोणता नियम लावताना अडखळलं? तोच नियम खऱ्या मैदानावरही वाद घडवणार. तक्त्यात त्याला तारांकित करा.

मापाचे नियम

२०२३-२४ पर्यंत एफटीसीमध्ये मॅच सुरू झाल्यावर रोबोट हवा तसा पसरू शकत होता. २०२४-२५ च्या 'इनटू द डीप' सीझनमध्ये आडव्या पसरण्यावर २० बाय ४२ इंचांची मर्यादा आली. लांब हात बनवायला सरावलेल्या टीमसाठी हा मोठाच बदल होता. अशा नियमात चूक होण्याची ठिकाणं ठरलेली आहेत.

एक, सुरुवातीच्या मापाची मर्यादा १८ इंचांची असते, पण कॅडमध्ये (संगणकावरच्या आराखड्यात) १७.९ इंच दिसणारी फ्रेम प्रत्यक्षात बोल्टची डोकी, झिप टायची टोकं आणि बाहेर डोकावणारी वायर धरून १८ च्या वर जाते. प्रत्येक बाजूला ६ मिलिमीटर मोकळे सोडा. दोन, पुढे आणि बाजूला असे दोन हात एकाच वेळी बाहेर आले की एकेकटे नियमात बसणारे हात मिळून नियम मोडतात. तीन, आणि हे सगळ्यांत जास्त घडतं, टीम फक्त सॉफ्टवेअरच्या मर्यादेवर विसंबते. रोबोट चालू करताना हात पूर्ण आत नसेल तर एन्कोडरचा (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरचा) शून्य चुकीच्या जागी बसतो, किंवा बेल्टचे दात सरकतात, आणि प्रोग्रॅम बरोबर असूनही हात चार-पाच सेंटिमीटर जास्त बाहेर येतो. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा अडथळा बसवा आणि हात आत आल्याचं कळवणारा लिमिट स्विच लावा.

तपासायला चालू सीझनच्या मापाचा जाड पुठ्ठ्याचा साचा कापा. 'इनटू द डीप'मध्ये तो २० इंच म्हणजे ५०.८ सेंटिमीटर बाय ४२ इंच म्हणजे १०६.७ असा होता. हात पूर्ण पसरवून, हातानं ओढून धरून मोजा, कारण स्लाइडमधली (हाताच्या सरकत्या पट्ट्यांमधली) ढिलाई मॅचमध्ये हमखास बाहेर पडते.

प्रश्न विचारणं आणि अपडेट

तारांकित नियमांचे प्रश्न अधिकृत प्रश्नोत्तरात पाठवा, पण आधी तिथे शोधा. एका प्रश्नात एकच नियम, क्रमांकासह. 'आमचा रोबोट चालेल का?' असं विचारू नका, डिझाइनवर तिथे निकाल मिळत नाही. 'अमुक नियमातला ताबा तुकडा भिंतीला टेकलेला असताना धरला जातो का?' असं विचारा.

एफआरसीमध्ये रोबोट बांधणीच्या काळात टीम अपडेट मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. एका विद्यार्थ्याला हे काम नेमून द्या: भिंतीवरच्या प्रतीत जुनं वाक्य खोडायचं, नवं चिकटवायचं, तारीख घालायची. मेंटरनं हे काम घेऊ नये. स्वतः खोडलेला नियम मुलांच्या लक्षात राहतो.

सवलतीच्या नियमांकडेही लक्ष ठेवा. एफआरसीमध्ये २०१९ पर्यंत ठरलेल्या दिवशी रोबोट पिशवीत सील करावा लागे. २०२० पासून ते बंद झालं. मुदत गेली तशी विश्रांतीही गेली, आणि बदल शेवटच्या रात्रीपर्यंत चालू राहू लागले. टीमनं स्वतःची तारीख ठरवावी: पहिल्या स्पर्धेच्या दहा दिवस आधी यंत्रणा गोठवायची, त्यानंतर फक्त दुरुस्ती आणि ड्रायव्हिंगचा सराव.

दोन आठवड्यांनी तक्त्यासमोर पुन्हा बसा. काही ओळी खोडल्या जातील. ज्या उरतील त्यांतल्या सुरक्षेच्या किंवा खरोखर संदिग्ध असलेल्या तक्रारी मुलांकडूनच नीट लिहून घ्या आणि सीझनअखेरच्या अभिप्रायासाठी फाइलमध्ये ठेवा, नियमाचा क्रमांक आणि मॅचमधलं उदाहरण यांसह.