व्हिडिओ पाहून टँगो शिकताय? या चुका टाळा

आरशासमोर आठही पावलं बिनचूक पडतात. जोडीदार समोर आला की मात्र तिसऱ्या-चौथ्या पावलाला गुडघ्यावर गुडघा आपटतो, तोल जातो, आणि दोघंही व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा पाय बघायला लागतात. मी आणि बायकोने असे चार महिने घालवले. पाय बघत राहिलो, हीच आमची मूळ चूक होती.

अर्जेंटाइन टँगोत लीडरचं, म्हणजे नाच पुढे नेणाऱ्याचं, पाऊल सगळ्यात शेवटी पडतं. आधी त्याचं वजन सरकतं, छाती पुढे येते, ते मिठीतून समोरचीला, म्हणजे फॉलोअरला, कळतं, तिचा पाय मागे जातो आणि मग त्या मोकळ्या जागेत लीडरचं पाऊल येतं. कॅमेऱ्यात यातलं शेवटचं तेवढं ठळक दिसतं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

भलताच टँगो शिकणं

नुसतं ‘टँगो’ शोधलं की मान झटकत नाचणारी जोडपी समोर येतात. तो बॉलरूम टँगो. त्याची पकड, चाल, संगीत सगळंच वेगळं आहे. दुसरी फसगत रंगमंचावरच्या टँगोची होते. १९८३ मध्ये पॅरिसला ‘तांगो आर्खेंतीनो’ हा कार्यक्रम गाजला आणि त्या उंच लाथा, उड्या जगाच्या डोळ्यांत भरल्या. पण ब्यूनस आयर्सच्या मिलोंगांमध्ये, म्हणजे जिथे लोक संध्याकाळी एकमेकांसोबत नाचायला जमतात तिथे, असं कोणी नाचत नाही. तिथल्या जागतिक स्पर्धेतही ‘पिस्ता’ आणि ‘एसेनारियो’ असे दोन वेगळे गट असतात: पहिला जमिनीवरचा, दुसरा रंगमंचाचा. शोधताना ‘टँगो सलोन’ किंवा ‘टँगो दे पिस्ता’ असं टाका.

आठ पावलांचा बेसिक पाठ करणं

बहुतेक व्हिडिओ इथून सुरू होतात. यात लीडरचं पहिलं पाऊल उजव्या पायाने मागे जातं. घरच्या हॉलमध्ये मागे सोफा असतो, माणसं नसतात, म्हणून काही बिघडत नाही. मिलोंगात सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने एकामागोमाग फिरतात, आणि मागे टाकलेलं ते पाऊल थेट मागच्या जोडीवर जातं. सवय लागण्याआधीच पहिलं पाऊल गाळा आणि दुसऱ्यापासून, डावीकडच्या बाजूच्या पावलापासून, सुरुवात करा.

याच बेसिकमधला दुसरा घोटाळा क्रुसादाचा. पाचव्या पावलाला फॉलोअरचा डावा पाय उजव्यासमोर येऊन अढी बसते. व्हिडिओ पाठ केलेली फॉलोअर ‘पाच’ आले की आपणहून अढी घालते, लीड मिळो न मिळो. तपासायचं असेल तर लीडरने न सांगता चौथ्या पावलावर थांबावं. तरीही अढी पडली, तर ती मोजतेय; तुमचं लीड अजून तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

चालणं सोडून पुढे पळणं

चालण्याचे व्हिडिओ कंटाळवाणे वाटतात, म्हणून लोक ओचो (जागीच वळत आठचा आकडा काढणारी पावलं) आणि हिरो (जोडीदाराभोवती फिरणं) यांच्याकडे धावतात. माझं ठाम मत आहे की पहिले दोन महिने फक्त चालावं. रोज एक गाणं, साधारण तीन मिनिटं, एकट्याने; आणि एक गाणं जोडीने.

एकट्याने चालताना प्रत्येक पावलानंतर थांबा आणि मागचा पाय जमिनीवरून उचलून बघा. अंग न हलता उचलता आला तर वजन पूर्ण गेलं. शरीर डुललं तर वजन दोन पायांत अडकलंय, आणि अशा वेळी कोणता पाय मोकळा आहे हे समोरच्याला कळणं शक्य नाही.

जोडीने चालताना गुडघे आपटत असतील, तर लीडर पाय आधी टाकतोय. दोघांच्या छात्यांमध्ये एक दोनशे पानी वही धरा, हात खाली सोडा आणि चाला. वही पडू द्यायची नाही. दाब कमी झाला की ती सरकते, जास्त झाला की फॉलोअर मागे रेलते. आम्हाला या वहीने जे शिकवलं, ते कुठल्याच व्हिडिओने शिकवलं नव्हतं.

आणखी एक अडचण मोकळेपणाने बोलायला हवी. दहा-दहा मिनिटं मिठीत उभं राहायची सवय आपल्याकडे बहुतेकांना नसते, अगदी नवरा-बायकोतही. मग खांदे वर चढतात, हात ताठ होतात आणि नजर पायांकडे जाते. जबरदस्ती करू नका. आधी एकमेकांच्या कोपराखाली हात धरून चाला. जवळ यायला वेळ लागू द्या.

ओचोनंतर गुडघा दुखतो?

तर तिथेच थांबा. रबरी तळाचे बूट फरशीला चिकटतात, पाऊल जागीच राहतं आणि पीळ गुडघ्यावर येतो. चामडी किंवा स्वेड तळाचे बूट घाला. वळताना वजन चवड्यावर हवं आणि दुसरा पाय जवळ गोळा केलेला हवा. आधी छाती वळते, कंबर मागाहून येते. पाऊल ओढून वळवायचं नसतं.

बोलेओ (पाय झटक्यात मागे उडवणं) आणि गांचो (जोडीदाराच्या पायात पाय अडकवणं) तर वर्षभर विसरा. गर्दीत मागे उडालेली टाच दुसऱ्याच्या नडगीवर बसते.

आकडे मोजत नाचणं

टँगोच्या पारंपरिक वाद्यवृंदात ढोल-ताशासारखं तालवाद्य नसतं. ताल बांदोनेऑन (अकॉर्डियनसारखं भात्याचं वाद्य), पियानो आणि डबल बास यांतून येतो, म्हणून आपला कान सुरुवातीला गडबडतो. हुआन दारिएन्सो या वाद्यवृंदप्रमुखाच्या संगीतापासून सुरुवात करा. त्याला ‘तालाचा राजा’ म्हणत, आणि त्याचा ठोका चुकणं अवघड आहे. चालण्यासाठी कार्लोस दि सार्ली. पुग्लिएसेचं संगीत नंतर, पियाझोलाचं तर सध्या फक्त ऐकण्यासाठी. आधी बसून टाळ्या वाजवा, मग उठा. व्हिडिओ अर्ध्या वेगाने बघायचा तर आवाज बंद करून बघा, कारण रेंगाळलेलं संगीत कानात बसलं की पाऊल उशिरा पडायला लागतं.

डावं-उजवं गोंधळत असेल, तर शिक्षकाची पाठ कॅमेऱ्याकडे असलेले व्हिडिओ निवडा.

एकमेकांचे मास्तर होणं

एकच व्हिडिओ पाहिलेले दोघं ‘तुझं चुकतंय’ म्हणायला लागले की सराव संपतो. आम्ही नियम केला: जाणवलं तेवढंच बोलायचं. ‘तू कोणत्या पायावर आहेस ते मला कळलं नाही,’ एवढंच. आणि आठवड्यातून एकदा फोन कमरेच्या उंचीवर, बाजूने ठेवून स्वतःचं चित्रण करायचं. समोरून न दिसणारं रेलणं बाजूने लगेच दिसतं.

जुन्या ब्यूनस आयर्समध्ये मुलगे पुरुषांच्याच सराव-बैठकीत शिकत, आणि लीड करायला मिळण्याआधी त्यांना बराच काळ फॉलो करावं लागे. घरी हे सहज करता येतं. रोज एक गाणं भूमिका बदला. पहिल्यांदा बायकोने मला मागे चालवलं, तेव्हा तिने मुद्दाम माझ्यासारखाच उजवा हात पाठीवर दाबला. मला पाऊल मागे टाकायला जागाच मिळेना. त्या दिवसापासून मी तो हात सैल ठेवायला शिकतोय.