गच्चीवर छत्र्या दोन, सेट-टॉप बॉक्स एक

चित्रात मुंग्या आल्या की दुसरा अँटेना जोडून पाहण्याची जुनी सवय सोलापुरात अजून टिकून आहे; मात्र डीडी फ्री डिशच्या छत्रीला दुसऱ्या उपग्रहाची छत्री जोडताना ती उपयोगाची नाही. दोन्ही छत्र्यांच्या एलएनबी (छत्रीसमोर दांडीवर बसवलेली, सिग्नल पकडणारी डबी) आपापला सिग्नल साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात खाली आणतात, त्यामुळे साध्या टी-जोडाने वायरी एकत्र केल्यास दोन्हींची सरमिसळ होते. येथे डायसेक स्विच लागतो. तो सिग्नल मिसळत नाही, बॉक्सच्या हुकमानुसार एका वेळी एकच छत्री जोडतो.

आधी प्रत्येक छत्री स्वतंत्रपणे लावावी. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला असल्याने सोलापुरातून तो जवळजवळ नेमका आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर येतो. होकायंत्र पाण्याच्या टाकीच्या लोखंडी सांगाड्यापासून लांब धरावे. आपल्याकडच्या लहान छत्र्यांची एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असते, म्हणून छत्री दिसते त्यापेक्षा बरेच वर पाहत असते. समोरच्या इमारतीकडे तोंड आहे असे वाटून ती उगाच वर उचलू नये.

यानंतर बॉक्सचा प्लग काढावा, कारण एलएनबीला लागणारे १३ किंवा १८ व्होल्ट बॉक्सकडून छत्रीकडे जाणाऱ्या केबलमधूनच जातात. ही आरजी-६ केबल (मध्ये तांब्याची तार, भोवती जाळी) सोलताना जाळीची एखादी तार मधल्या तांब्याला चिकटून राहिली, तर शॉर्ट होऊन बॉक्स बिघडू शकतो. कनेक्टर फिरवण्यापूर्वी तोंड उजेडात धरून पाहावे, माझे तरी बहुतेक दोष येथेच सापडले आहेत. एका एलएनबीची केबल पहिल्या पोर्टला, दुसरीची दुसऱ्या पोर्टला आणि स्विचच्या ‘रिसीव्हर’ तोंडातून एकच केबल घरात न्यावी. मग मेनूमध्ये प्रत्येक उपग्रहासमोर त्याचा पोर्ट निवडून स्कॅन करावे. लहान छत्रीची युनिव्हर्सल एलएनबी असेल तर ९७५०/१०६००, मोठ्या छत्रीची सी-बँड एलएनबी असेल तर ५१५० मेगाहर्ट्झ ही एलएनबीची फ्रिक्वेन्सी मेनूत ठेवावी. एखाद्या उपग्रहाचा सिग्नल शून्य दिसला, तर छत्री हलवण्याआधी पोर्टची अदलाबदल करून पाहावी.

स्विच सज्जाखाली, तोंडे जमिनीकडे करून बसवावा आणि केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकेल. येथील एप्रिल-मेच्या उन्हात चिकटपट्टी तडकते. ती सप्टेंबरच्या मोठ्या पावसाआधी बदलावी.