पब्लिक युनिव्हर्सिटी निवडताना आधी बिल पाहा, मग रँकिंग

पब्लिक म्हणजे स्वस्त, हा समज अमेरिकेला निघण्याआधीच सोडून द्या. अमेरिकेतल्या पब्लिक युनिव्हर्सिटीला राज्य सरकार पैसा देतं, म्हणून सवलतीची फी त्या राज्याच्या रहिवाशांना. बाकीचे सगळे आउट-ऑफ-स्टेट. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर तिथे चार वर्षं भाडं भरलंत, लायसन्स काढलंत, तरी बहुतेक राज्यांत तुम्ही रहिवासी ठरत नाही. ‘दुसऱ्या वर्षी इन-स्टेट होतं’ असं कुणी सांगितलंच, तर ते सहसा दुसऱ्या राज्यातून आलेल्या अमेरिकन मुलांबद्दल असतं.

नावांचा घोळ आधी मिटवा. पेन स्टेट पब्लिक, पण युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया खासगी. मायामी युनिव्हर्सिटी ओहायोत आहे आणि पब्लिक आहे. युनिव्हर्सिटी ऑफ मायामी फ्लोरिडात आहे आणि खासगी. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन सिॲटलला, वॉशिंग्टन स्टेट पुलमनला, आणि सेंट लुईसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी खासगी. अर्जाची फी परत मिळत नाही, तेव्हा नाव आणि गाव दोन्ही जुळवून मगच भरा.

फी पाहताना प्रवेशाच्या जाहिरातीचं पान नको, फी गोळा करणाऱ्या बर्सर ऑफिसचं पान उघडा. नुसत्या ट्यूशनवर हिशेब थांबत नाही. इंजिनिअरिंग आणि बिझनेसला अनेक ठिकाणी जादा दर असतो, काही विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांकडून वेगळी फी घेतात, आणि हेल्थ इन्शुरन्स बहुतेक ठिकाणी सक्तीचा. फी क्रेडिटवर (कोर्सचा भार मोजायचं एकक) आहे की ठरावीक क्रेडिटनंतर सपाट, हेही पाहा. एमएसला साधारण ३० क्रेडिट लागतात, आणि पूर्णवेळ ठरायला बऱ्याच ठिकाणी सेमिस्टरला ९. आय-२०वरचा (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) खर्चाचा आकडा अनेकदा नऊ महिन्यांचाच असतो. उन्हाळ्याचं भाडं त्यात धरलेलं नसतं.

खरा फरक पडतो तो असिस्टंटशिपने, म्हणजे विद्यापीठातच शिकवण्याच्या (टीए) किंवा संशोधनाच्या (आरए) कामाने, आणि इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. टीए किंवा आरए मिळाली की सहसा ट्यूशन पूर्ण किंवा काही प्रमाणात माफ होते आणि स्टायपेंड, म्हणजे दरमहा मानधन, मिळतो, पण सक्तीच्या फिया बऱ्याचदा खिशातूनच जातात. मोठ्या स्टेट विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे वर्ग प्रचंड असतात, म्हणून गणित, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्सला टीए लागतात. कॉम्प्युटर सायन्समध्ये या जागा बहुतांशी पीएचडीवाल्यांकडे जातात. तिथे एमएसला आल्यावर काहीतरी मिळेल या आशेवर कर्जाचं गणित बांधू नका. प्रोफेशनल मास्टर्स म्हणून चालणारे बरेच कोर्स स्वतःच्या फीवर चालतात, तिथे माफी लागूच होत नाही. असिस्टंटशिपच्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: आठवड्याला किती तास (सत्र चालू असताना कमाल २०), किती सेमिस्टर, आणि माफी पूर्ण ट्यूशनची की फक्त बाहेरच्यांच्या जादा भागाची. एखाद्या प्रोफेसरने ईमेलमध्ये ‘बघू’ म्हटलं, ते फंडिंग नव्हे.

टेक्ससमध्ये एक वेगळी वाट आहे. तिथल्या कायद्यानुसार पब्लिक विद्यापीठाची किमान १००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली, तर आउट-ऑफ-स्टेट दर माफ होऊ शकतो. अशा माफीवर संख्येची मर्यादा आहे, त्यामुळे ती मिळाल्याचं लेखी हवं. रक्कम लहान दिसली तरी अशी स्कॉलरशिप सोडू नका.

कोर्सचं नाव सारखं असलं तरी आय-२०वरचा सीआयपी कोड (अभ्यासविषयाचा सरकारी क्रमांक) वेगळा असू शकतो. शिक्षणानंतरच्या कामाची परवानगी, म्हणजे ओपीटी, १२ महिने. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतल्या कोडला आणखी २४. इकॉनॉमिक्सचा कोड ४५.०६०१ असेल तर ही वाढ नाही, ४५.०६०३ असेल तर आहे. अर्जाआधी विभागाला ईमेल करून कोड विचारा. दोन ओळींचं उत्तर येतं, आणि त्यावर दोन वर्षं ठरतात.

तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम असेल, तर काही ग्रॅज्युएट स्कूल सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. विभाग ‘चालेल’ म्हणाला तरी ग्रॅज्युएट स्कूल अडवू शकतं, दोघांना विचारा. दहापैकीच्या सीजीपीएला मागितल्याशिवाय चारपैकी करू नका.

१८६२च्या मॉरिल कायद्यातून उभी राहिलेली बरीच लँड-ग्रँट (सरकारने दिलेल्या जमिनीच्या आधारावर उभारलेली) विद्यापीठं छोट्या गावांत आहेत: वेस्ट लाफायेट (पर्ड्यू), एम्स (आयोवा स्टेट), कॉलेज स्टेशन (टेक्सस ए अँड एम). भाडं सिॲटलपेक्षा बरंच कमी, पण इंटर्नशिपला गाव सोडावं लागतं. कॅम्पसजवळची लीज बहुधा ऑगस्ट ते ऑगस्ट अशी पूर्ण वर्षाची, म्हणून सही करण्याआधी सबलेटची, म्हणजे मधल्या काळात खोली दुसऱ्याला भाड्याने द्यायची, परवानगी आहे का ते वाचा. बसचा मार्ग रविवारी चालतो का, हेही बघा.

फंडिंगसकट ऑफर असेल, तर अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार १५ एप्रिलपर्यंत विचार करायला मुभा असते. विनाफंडिंग ॲडमिटला हे लागू नाही. तिथली डिपॉझिटची तारीख वेगळी आणि ते डिपॉझिट सहसा परत मिळत नाही. आय-२० दोन-तीन आले तरी ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ज्या विद्यापीठात जायचं नक्की आहे त्याच्याच आय-२०वरच्या सेव्हिस नंबरवर भरा, आणि पावतीवरचा नंबर आय-२०शी जुळवून मगच व्हिसाच्या मुलाखतीला जा.